कूलरची चप्पल

धम्मशीलाच्या घरात कूलर लावायची एक रीत होती. कूलरच्या पायाशी एक निळी रबरी चप्पल पडलेली असायची, उजव्या पायाची. जोडीतली दुसरी कधीच परागंदा झाली होती. त्या एका चपलेवर उजवा पाय ठेवायचा, डावा गुडघ्यात मुडपून वर घ्यायचा आणि बगळ्यासारखं एका पायावर उभं राहून बटण दाबायचं. डावा पाय चुकून फरशीला टेकला, की पत्र्यातून निघालेल्या झिणझिण्या थेट कोपरापर्यंत पोचायच्या. घरातल्या सगळ्यांना ही कसरत साधली होती. सासरे आश्रुबा गुरुजी तर सत्तरीतही एका हातात पेपर धरून ती करायचे आणि वाचता वाचता ओळही चुकायचे नाहीत. पाहुणे आले की सासूबाई, केशरबाई, पाण्याचा तांब्या पुढं करतानाच सांगून टाकायच्या, "कूलरला हात लावायचा तं चपलीवर हुबं ऱ्हा बरं." पाहुणेही मान डोलवायचे, कारण त्यांच्या घरच्या कूलरलाही चप्पल असायची. परभणीच्या उन्हाळ्यात राबणाऱ्या कूलरला एवढा स्वभाव असायचाच, असं सगळे धरून चालले होते.

मैत्रीला मात्र हे कुणी समजावून सांगू शकत नव्हतं.

मैत्री म्हणजे धम्मशीलाची मुलगी. ती नुकतीच रांगायला लागली होती आणि हाताला लागेल ते धरून उभं राहायचं, हा तिचा निश्चय होता. घरात तिच्या आवडीच्या वस्तू दोनच. एक ती निळी चप्पल आणि दुसरी चपलेच्या वर गुरगुरणारा पत्र्याचा डबा. आता रांगणाऱ्या पोरीला चप्पल घालायची तरी कशी? घातलीच तर चारही हातापायांना घालावी लागणार. धम्मशीलानं कूलरभोवती नाकेबंदी केली. सुटकेस, गव्हाची कोठी, गुरुजींच्या पुस्तकांचं खोकं, असा बंदोबस्त. मैत्रीनं पहिल्याच दिवशी सुटकेस चाटून पाहिली आणि दुसऱ्या दिवशी खोक्याला धरून उठायचा सराव सुरू केला. धम्मशीला बी.एस्सी. झालेली, त्यातही फिजिक्स. इतर आयांना नुसती भीती वाटते, तिला ती व्होल्टमध्ये वाटायची.

कूलर दोनदा दुरुस्तीला जाऊन आला होता. दुकानात तो शहाण्या मुलासारखा वागे आणि घरी आला की पुन्हा झिणझिणे. म्हणजे खोट कूलरची नव्हती, घराची होती. तिचा नवरा सुगत बोरीच्या शाळेवर शिक्षक, रोज मोटारसायकलवर उन्हातून जाऊन-येऊन निम्मा भाजून निघालेला. त्यानं तोडगा काढला.

"एसी घेऊ. भिंतीवर असतो. पोरगी काय भिंतीवर रांगणार हाय का?"

यात चूक काढण्यासारखं धम्मशीलालाही काही सापडलं नाही. एसी आला. दुकानातून आलेल्या दोघांनी आतला डबा भिंतीवर टांगला, बाहेरचा गच्चीवर बसवला, चहा घेतला आणि विचारलं, "लाईन कुठंय?"

"ही काय," सुगतनं बोर्ड दाखवला. त्या एका बोर्डावर फ्रीज, मिक्सर, इस्त्री आणि दोघांचे मोबाईल गुण्यागोविंदानं नांदत होते.

"ह्याच्यावर एसी लावला तर बोर्ड खाली येईल, आन् त्याच्या मागं भिंत," त्यातला वडीलधारा म्हणाला. "मीटरपासून वेगळी लाईन पायजे, जाड वायर, तिचा स्वतःचा एमसीबी, आन् अर्थिंग. त्याबिगर आमी चालू करून देणार न्हाई. वॉरंटी जाती." आणि ते निघून गेले.

एसी भिंतीवर तसाच राहिला. केशरबाईंनी धूळ बसू नये म्हणून त्यावर क्रोशाचा रुमाल टाकला. शेजारचे दत्तराव येऊन त्याच्या बरोबर खाली बसले, सदऱ्याचं वरचं बटण काढलं आणि डोळे मिटून म्हणाले, "न्हाई, पण फरक पडायलाय बरं का."

दत्तराव पाणी सोडायच्या खात्यातून रिटायर झाले होते. आयुष्यभर त्यांनी कालव्याचे दरवाजे उघडले आणि बंद केले, त्यामुळं विजेतलं आपल्याला कळतं, अशी त्यांची समजूत होती. "पानी काय आन् करंट काय," ते म्हणायचे, "दोन्ही वाहतंच की. एक दिसतंय, एक दिसत न्हाई, एवढाच फरक." त्यांच्या मते वेगळी लाईन म्हणजे कंपनीवाल्यांचं खूळ होतं. पण धम्मशीला अडून बसली आणि शेवटी वायरमन चंद्रभानला बोलावणं गेलं.

चंद्रभाननं बोर्ड उघडला, आत डोकावला आणि मागं सरला, जणू आत कुणी झोपलेलं होतं. "कोन्या गाढवानं केलंय हे फिटिंग?"

"तुम्हीच केलंय, चंद्रभान," गुरुजी पेपरातून मान वर न काढता म्हणाले. "घर बांधलं तेव्हा."

"तवा मी शिकायलतो, गुरुजी," चंद्रभान जराही न बिचकता म्हणाला आणि पेचकसानं कूलरच्या सॉकेटचं तिसरं भोक दाखवलं. "हे बघा ताई, अर्थिंगचं भोक. ह्याच्यामागं काईच न्हाई. कंपनीनं भोक दिलंय म्हणून हाय."

धम्मशीलाला घाम फुटला. घाम आधीपासून होताच, पण हा वेगळा. इतकी वर्षं घरातली तीन पिनांची प्रत्येक वस्तू आपली तिसरी पिन एका रिकाम्या बिळात घालून निर्धास्त बसली होती.

लाईनचं काम सुरू झालं. मीटरपासून हॉलपर्यंत दाराच्या चौकटीवरून पट्टी न्यायची होती. स्वयंपाकघराच्या भिंतीत चंद्रभाननं ड्रिल लावलं, भुस्स करून धूर निघाला आणि अर्धं घर बंद पडलं. भिंतीच्या पोटात त्याचीच जुनी वायर होती, ती तिथून जाते हे तो विसरला होता. म्हणजे नवी लाईन यायची होती ती राहिली आणि होती तीही गेली. फ्रीजमधलं दूध शेजारी दत्तरावांकडं गेलं आणि दुधामागोमाग दत्तराव सल्ला घेऊन आले.

"अर्थिंगचं काय करायलाव मग?"

"खड्डा घ्यावा लागंल," चंद्रभान म्हणाला.

"खामखा खड्डा कशाला? नळाचा पाइप हाय की लोखंडाचा. जमिनीत गेलाय. त्याला तार बांधा, झालं अर्थिंग. आमच्या खात्यात सगळीकडं तसंच होतं."

चंद्रभानला खड्डा खणायचा नव्हताच. त्यानं तुटलेली वायर सांधली, लाईनची पट्टी पुरी केली, तिसऱ्या भोकामागं पहिल्यांदाच एक हिरवी तार जोडली आणि तिचं दुसरं टोक अंगणातल्या नळाच्या पाइपाला तीन वेढे देऊन घट्ट आवळलं. कूलर झिणझिणायचा बराच कमी झाला. त्या दिवशी केशरबाईंनी दत्तरावांना मुद्दाम जादा साखरेचा चहा दिला.

कॉलनीत नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी एकदा येतं. ते आलं की माणसं देवाचं नाव घ्यायचंही विसरतात, आधी घागर लावतात. त्या सकाळी दत्तरावांच्या पत्नी धुरपताबाईंनी नळाखाली घागर लावली, तोटीला हात घातला आणि चार पावलं मागं येऊन ओट्यावर बसल्या. पाठोपाठ दत्तराव तोंडात ब्रश धरून नळाशी गेले. त्यांनी तोटी धरली आणि तोंडातला ब्रश घागरीत पडला.

"पान्यात कायतरी सोडलंय," ते म्हणाले. "औषध जास्त झालंय. दात झिणझिनायलेत माझे."

कुंपणाच्या अलीकडं धम्मशीला मैत्रीला कडेवर घेऊन उभी होती आणि तिच्या डोक्यात सगळं लख्ख जुळत होतं. दोन्ही घरांचा नळ एकाच लोखंडी पाइपावर होता. पण तो पाइप जमिनीत जेमतेम हातभर जात होता. पुढं गेल्या साली नवा प्लास्टिकचा टाकलेला. म्हणजे कूलरचा करंट जमिनीत जायलाच तयार नव्हता. तो प्लास्टिकपाशी येऊन थबकायचा आणि नाइलाजानं शेजारी पाहुणा जायचा.

तिनं सुगतला खूण केली. सुगत कढीपत्त्याला पाणी घालायच्या निमित्तानं पाइपाशी बसला आणि हिरवी तार हळूच सोडवून घेतली. त्याच वेळी घरातल्या घरात एक ठराव झाला. ही गोष्ट गुरुजींना कळू द्यायची नाही. त्यांना कुणी विचारलं तर ते खरं सांगतात.

आता खड्ड्याला पर्याय उरला नव्हता. पण चंद्रभानला वेळ कुठला? लग्नसराई, मांडवाचे लाइट, अंगाला तेल लावायला फुरसत नाही. "एक अमुश्याच मोकळी हाय," तो म्हणाला. "त्या दिवशी कुनी नवं काम काढत न्हाई."

"मग अमावस्येलाच काढा," गुरुजी ताडकन उठून म्हणाले.

इथं गुरुजींबद्दल थोडं सांगणं आलं. ताडकळसपासून बोरीपर्यंत असं गाव नसेल जिथं त्यांनी चमत्कारांमागचं विज्ञान समजावलं नाही. जिभेवर कापूर जाळून दाखवला, नारळातून ठिणग्या काढल्या, अंगात आलेल्यांना शांतपणे वेळ विचारली. असा माणूस अमावस्येला भिऊन नातीचं अर्थिंग पुढं ढकलणार? उलट मुहूर्त न पाहण्याचा त्यांना फार आनंद झाला. मुहूर्त पाहणाऱ्याला होतो त्याच्यापेक्षाही जास्त.

दिवसा जमीन तव्यासारखी तापलेली, म्हणून काम दिवेलागणीला सुरू झालं. फाटकाशेजारी, अगदी रस्त्याच्या कडेला, काळ्या मातीत पुरुषभर खड्डा खणला. चंद्रभाननं त्यात तांब्याची चौकोनी पाटी उभी केली आणि हिरवी तार तिला जोडली. वर कोळशाचा थर, त्यावर खड्यामिठाचा थर, पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ. कोळसा इस्त्रीवाल्याकडचा. धम्मशीलानं सगळ्यांना लिंबाचं सरबत दिलं आणि पिळलेल्या फोडी, माती पुन्हा लोटायचीच आहे म्हणून, खड्ड्याच्या कडेला टाकल्या. गुरुजी हातात टॉर्च घेऊन मोठ्या आवाजात मीठ, कोळसा आणि ओलावा यांचं कार्य समजावून सांगत होते. रस्त्यावरून जाणाऱ्यांना त्यातलं एवढंच ऐकू आलं, की अमावस्येच्या संध्याकाळी गुरुजी एका खड्ड्यापुढं उभे राहून काहीतरी पुटपुटत आहेत.

सकाळी दूधवाल्यानं किटली कोपऱ्यावरच ठेवून हाक मारली. फाटकापाशी यायला तो तयार नव्हता. भाजीवालीनं गाडा पलीकडच्या कडेनं नेला. आणि धुरपताबाई कुंपणाशी येऊन, आवाज उतरवून केशरबाईंना म्हणाल्या, "बाई, काय पुरलंव?"

"अर्थिंग."

"त्ये तं मला सांगितलंव. खरं काय पुरलंव?"

"मीठ अन् कोळसा. तांब्याची पाटी."

"आन् लिंबू," धुरपताबाई म्हणाल्या. त्यांच्या नजरेतून काही सुटलं नव्हतं. "केशर, तुमच्यात हे करीत न्हाईत म्हन्तेत. म्हणून तं भेव वाटायलंय. ज्याला येत न्हाई त्यानं केलं तं उलटतंय."

ज्या माणसानं अर्ध्या जिल्ह्याला करणी-भानामती खोटी आहे हे पटवून दिलं, त्यानंच स्वतःच्या दारात करणी केली, ही बातमी दुपारपर्यंत कॉलनीभर झाली. गुरुजींनी हे असं घेतलं, जसं एखाद्या वकिलानं स्वतःवरचा चोरीचा आळ घ्यावा. संध्याकाळी त्यांनी खड्ड्यावर खुर्ची टाकली, फळा उभा केला, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून आकृती काढून सगळा खुलासा केला. लोक लांबूनच हात जोडून ऐकत होते. "गुरुजी," दत्तराव अखेर म्हणाले, "तुमच्यावर इश्वास हाय आमचा. खड्ड्यावर न्हाई."

इकडं लाइटच्या ऑफिसात जाणं धम्मशीलाच्या वाट्याला आलं. एसी लावायचा तर लोड वाढवून घ्यावा लागतो. ती मैत्रीला काखोटीला मारून गेली. टेबलामागच्या साहेबांनी कॉम्प्युटरमध्ये पाहून सांगितलं, "मॅडम, तुमच्या घरी रेकॉर्डवर दोन बल्ब आणि एक पंखा आहे."

"फ्रीज आहे, मिक्सर आहे, कूलर आहे."

"रेकॉर्डवर नाहीत."

"मग आम्ही इतकी वर्षं थंड पाणी कुठलं पितो?"

साहेबांनी त्यावर विचार केला. "माठ असेल," ते म्हणाले. आणि अर्ज घेऊन पुढं सांगितलं, की अर्थिंगची तपासणी होईल, मशीननं मोजतील, आकडा मर्यादेच्या आत आला तरच लोड मिळेल, कारण सुरक्षिततेच्या बाबतीत ऑफिस तडजोड करत नाही.

एवढं बोलून उकाडा सहन न होऊन ते उठले, कोपऱ्यातल्या कूलरपाशी गेले आणि एका पायावर उभे राहिले. धम्मशीलानं खाली पाहिलं. कूलरच्या पायाशी एक चप्पल होती. निळीच. डाव्या पायाची.

मैत्रीनं काखेतून चपलेकडं हात पसरला, तेव्हा तिला घेऊन ती झटकन बाहेर पडली.

तपासणीचे साहेब आले ते मशीन, तारा आणि दोन लोखंडी सळया घेऊन. मोजणीसाठी सळया जमिनीत ठोकाव्या लागतात. एक त्यांनी खड्ड्यापासून काही अंतरावर ठोकली, दुसरी त्याच्या पुढं, सरळ रेषेत, धुरपताबाईंच्या ओट्यासमोर. लोखंडी खिळे ठोकून कशाचा बंदोबस्त करतात, हे ज्यांना माहीत नव्हतं असं त्या गल्लीत कुणी नव्हतं. बायकांनी पोरं आत ओढून घेतली. साहेबांनी हँडल फिरवलं, काटा पाहिला आणि मान हलवली.

"फेल. जमीन कोरडी ठाक आहे. पाणी घाला. रोज. मग बोलवा."

रोज पाणी! कॉलनीत माणसं आंघोळीचं पाणी फरशीला, फरशीचं झाडाला आणि झाडाचं जमलं तर पुन्हा कशाला तरी वापरत होती. तिथं काळ्या मातीच्या तोंडात रोज बादली कोण ओतणार? दोन दिवस धम्मशीलानं भांड्यांचं पाणी घातलं. जमिनीला भेग होती, ती पाणी प्यायली आणि आणखी रुंद झाली. घरात मैत्री आता पुस्तकांचं खोकं सरकवायला शिकली होती. खोकं आणि कूलर यांच्यात वीतभर वाट पडली होती. धम्मशीलानं कूलर बंद ठेवला, तर पोरीच्या पाठीवर घामोळ्यांचं शेत उगवलं. चालू ठेवला, तर स्वतः पोरीच्या आणि कूलरच्या मधे बसून राहायची. पोळी तव्यावर जळायची आणि केशरबाई जळकी पोळी स्वतःच्या ताटात घ्यायच्या.

मग नळाला पाणी आलं.

धुरपताबाई जीव मुठीत धरून नळाशी गेल्या. दत्तराव मागं काठी घेऊन उभे. त्यांनी बोट लावलं. काही नाही. सगळा हात लावला. काही नाही. घागर भरली, दुसरी भरली, आणि त्या तशाच ओल्या हातानं रस्त्यात येऊन उभ्या राहिल्या. गेल्या खेपेला तोटीत झिणझिण्या होत्या. मधे गुरुजींनी तो खड्डा पुरला. या खेपेला झिणझिण्या गेल्या. याचा अर्थ लावायला काही बी.एस्सी. व्हावं लागत नाही.

"जागृत हाय," त्या म्हणाल्या.

धम्मशीलानं तोंड उघडलं. झिणझिण्या खड्ड्यामुळं गेल्या नाहीत, आम्ही तार सोडली म्हणून गेल्या, हे सांगायला. मग आम्ही तार बांधली होती म्हणून आल्या, हेही सांगावं लागलं असतं. आणि बांधायला सांगितलं होतं ते काठी घेऊन समोरच उभे होते. तिनं तोंड मिटलं.

धुरपताबाईंनी भरल्या घागरीतला पहिला तांब्या खड्ड्यावर ओतला आणि हळद-कुंकू वाहिलं. दुसऱ्या दिवशी शेजारणी आल्या. तिसऱ्या दिवशी पलीकडच्या गल्लीतल्या आल्या. ज्यांच्या घरी प्यायच्या पाण्याची मारामार होती त्याही तांब्या घेऊन आल्या. करणीचा खड्डा आठवड्याच्या आत देवाचं ठाणं झाला.

गुरुजींना हा आघात करणीच्या आळापेक्षा मोठा वाटला. करणी निदान खोटी ठरवता येते. ते रोज सकाळी बायका गेल्या की बादली घेऊन बाहेर यायचे आणि हळद-कुंकू धुऊन काढायचे. चांगलं खळखळून, डाग राहू न देता. एक बादली पुरली नाही तर दुसरी. "माझ्या दारात हे चालणार नाही," ते म्हणायचे आणि ओतायचे. स्वतःच्या आंघोळीचं पाणी त्यांनी या कार्याला वाहिलं. श्रद्धा सकाळी तांब्यानं घालत होती, विवेक मागून बादलीनं. धम्मशीला खिडकीतून पाहत होती. जमिनीची भेग बुजत आली होती.

मग गुरुजींनी पत्र्याची पाटी आणली आणि स्वतःच्या सुरेख अक्षरात लिहिली. हे देवस्थान नाही. हे अर्थिंग आहे. आश्रुबा गुरुजी. तपासणीचे साहेब पुन्हा यायचे होते, आणि गुरुजी हातोडी शोधत होते.

"मामा," धम्मशीला दारात येऊन म्हणाली, "साहेब येऊन जाऊ द्या. मग लावू."

"का? खरं आहे ते. खऱ्याला थांबायचं कारण?"

पाटी वाचून बायकांचं पाणी थांबलं तर, हे कारण तिला सांगता येईना. सांगितलं असतं तर ती त्यांची सून राहिली नसती, धुरपताबाईंची झाली असती. ती नुसती म्हणाली, "रंग ओला आहे अजून."

बाहेर ऊन असं होतं, की रंग कुंचल्यावरच वाळत होता. गुरुजींनी पाटीकडं पाहिलं, सुनेकडं पाहिलं. मग त्यांची नजर आत गेली. तिथं मैत्री खोक्याला धरून, थरथरत्या गुडघ्यांवर, कूलरकडं एक हात लांबवत होती आणि केशरबाई तिला मागून झबल्याला धरून होत्या. गुरुजींनी पाटीवर बोट टेकवून पाहिलं. बोट कोरडंच वर आलं.

"ओलाच आहे," ते म्हणाले आणि पाटी भिंतीला उलटी लावून ठेवली.

साहेबांनी सळया ठोकल्या, हँडल फिरवलं, काटा पाहिला. विश्वास बसला नाही म्हणून पुन्हा फिरवलं. "असं अर्थिंग मी या भागात पाहिलं नाही," ते म्हणाले. "भर मे महिन्यात एवढी ओल? काय करता काय?"

गुरुजी आभाळाकडं पाहत होते.

"कॉलनी घालते पाणी," धम्मशीला म्हणाली. "सगळेच."

साहेबांना गहिवरून आलं. त्यांनी शेऱ्यात लिहिलं, लोकसहभागातून उत्कृष्ट देखभाल.

एसी सुरू झाला त्या दुपारी अख्खी गल्ली हॉलमधे मावली. चंद्रभाननं नव्या लाईनचा एमसीबी वर केला, केशरबाईंनी क्रोशाचा रुमाल काढला, एसीनं एक शिंक दिली आणि वारा सुटला. दार मात्र कुणी लावेना, कारण अजून माणसं येत होती. दत्तराव बरोबर खाली बसले आणि म्हणाले, "बंद होता तवा जास्त गार लागायलतं." गर्दीत जीव घुसमटल्यावर केशरबाईंनी सवयीनं चपलेवर पाय ठेवून कूलरही लावून दिला. सुटकेस कुणीतरी बसायला घेतली होती. कोठीवर दोघी टेकल्या होत्या. पुस्तकांचं खोकं चंद्रभानच्या पायाखाली.

धम्मशीला चहा घेऊन आली आणि तिनं पाहिलं. मैत्री उभी होती. जन्मात पहिल्यांदा, अनवाणी, दोन्ही तळपाय फरशीवर आणि दोन्ही तळहात कूलरच्या पत्र्यावर.

ट्रे कुठं ठेवला हे तिला नंतर आठवलं नाही. तिसऱ्या भोकामागं आता तार होती, तार जमिनीत गेली होती, आकडा मर्यादेच्या आत आला होता, हे सगळं तिला पाठ होतं. पाठ असून काही उपयोग होत नाही, पाय आपले आपण धावतात. ती पोचली तेव्हा मैत्री पत्रा बडवत होती. डबडब, डबडब, दोन्ही हातांनी, आणि प्रत्येक आवाजाला हसत होती.

धम्मशीलानं पायातल्या सपाता काढल्या. अनवाणी पायांनी फरशीवर उभी राहिली आणि आपला तळहात लेकीच्या हाताशेजारी टेकवला. पत्रा नुसता गार होता. पत्रा असतो तसा.

ती तशीच उभी राहिली. मागं गुरुजी आले, त्यांनी हात लावला. केशरबाईंनी लावला, डोळे मिटून. सुगतनं लावला. मग रांगच लागली. एकेक जण अनवाणी येऊन कूलरला हात लावून पुढं सरकत होता, आणि धुरपताबाईंनी तो हात नंतर कपाळालाही लावला. त्या वेळी गुरुजींनी खिडकीबाहेर पाहणं पसंत केलं.

दुसऱ्या दिवशी पाटी लागली. धुरपताबाईंनी ती अक्षर लावून वाचली आणि खाली तांब्या ओतला.

"वाचलंत ना?" गुरुजींनी विचारलं.

"वाचलं की. पर गुरुजी, देव कदी आपल्या तोंडानं मी देव हाय म्हन्तो का?"

गुरुजी आत गेले आणि बादली घेऊन आले. ते अजूनही रोज येतात. अर्थिंग उत्तम आहे.

राहता राहिली निळी चप्पल. ती कूलरपाशी पडून होती आणि मैत्रीशिवाय तिला कुणी विचारत नव्हतं. धम्मशीलानं ती घासूनपुसून पिशवीत टाकली. लोडचा मंजुरीचा कागद आणायला लाइटच्या ऑफिसात जायचंच होतं. तिथं साहेब कोपऱ्यात बगळ्यासारखे उभे होते, हात बटणावर. तिनं पिशवीतून चप्पल काढली आणि त्यांच्या मुडपलेल्या उजव्या पायाखाली, डाव्या चपलेशेजारी, नीट जोडून ठेवली.

तिला वाटलं, साहेब ओशाळतील.

साहेबांनी खाली पाहिलं. उजवा पाय सावकाश चपलेत टेकवला आणि किती वर्षांनी कोण जाणे, दोन्ही पायांवर भार देऊन सुस्कारा सोडला.

"लय उपकार झाले, मॅडम," ते मनापासून म्हणाले. "एका पायावर कंबर धरायलती."